घरात कोण कोण

फोनमधली धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नेइजॉनने डोळे मिटून घेतले. उशीवर टेकवलेल्या तिच्या पायाला पांढरी पट्टी होती, आणि पट्टीतून डोकावणारी करंगळी वांग्यासारखी काळीनिळी पडली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जानेवारीत पायातली तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करायची, नाहीतर गुडघ्याखालून पाय जाईल. विमा दाखवल्याशिवाय इस्पितळ तारीख देत नव्हतं, आणि जानेवारीपासून विमा हवा तर सरकारी विमा-बाजारात नाव घालायचा आजचा शेवटचा दिवस.

पहिला अर्ज तिच्या मुलीने, लिजीनाने, भरला होता. घरात कोण कोण, असं विचारलं होतं. तिने एकाच हंडीतलं खाणारी सगळी माणसं लिहिली. भाऊ, भावजया, त्यांची पोरं, गेल्या उन्हाळ्यात माजुरो बेटावरून आलेला चुलता. कर सगळे एकत्रच भरता ना, यालाही तिने हो म्हटलं. सगळ्यांचे पगार एकावर एक चढले आणि उत्तर आलं, हप्त्याला मदत मिळणार नाही.

"अख्खं बेट बसवलंस त्या अर्जात," बिराम म्हणाला. चर्चमधला हा माणूस स्प्रिंगडेल गावात मार्शल बेटांवरून आलेल्या सगळ्यांची कागदपत्रं निस्तरायचा. "कोंबड्या तेवढ्या राहिल्या."

"कोंबड्या कारखान्यात कापते तेवढ्या पुरेत," लिजीना म्हणाली. रात्रपाळी करून ती तशीच बसली होती. केसांना अजून कारखान्याचा वास होता.

धून तुटली. फोनवर विमा-बाजाराची एक बाई आली. लिजीना इंग्रजीत बोलायची आणि आपल्या भाषेत आईला सांगायची.

"नागरिक आहात का, विचारतेय."

"नाही."

"ग्रीन कार्ड?"

"नाही. आमच्या बेटांचा यांच्या सरकारशी करार आहे, त्यावर आलोय म्हणावं. पासपोर्ट आहे, आल्याची नोंद आहे."

पलीकडे कळा खडखडल्या. मग बाई म्हणाली, असं काही माझ्यासमोर दिसत नाही, थांबा. पुन्हा धून.

बिरामच्या कपाळावर आठी आली. असल्याच एका 'दिसत नाही'वर मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याचा अर्ज अडकला होता. "यांना आमच्या समुद्रात अणुबॉम्ब फोडून बघताना बरोबर दिसलो होतो," तो पुटपुटला.

"तोंड आवर, बिराम. ऐकेल ती."

"ऐकू दे, मावशी."

खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. संध्याकाळी तिथलं कामकाज बंद होणार. नेइजॉन मनातल्या मनात प्रार्थना पुटपुटत राहिली. लाट येते, लाट जाते, तसे ते शब्द येत होते, जात होते, किनाऱ्याला काही लागत नव्हतं.

बाई परत आली. करार सापडला, म्हणाली. तुम्ही पात्र आहात. बिरामने रोखलेला श्वास सोडला. पण मग बाईने आवाज बदलून काहीतरी वाचून दाखवलं.

"इथून पुढे शपथेवर बोलायचं," लिजीनाने सांगितलं. "खोटं निघालं तर शिक्षा." ती थांबली. "विचारतेय, तुझ्या घरात कोण कोण. कराच्या कागदावर तुझ्याबरोबर कोण."

"कागदावर मी एकटी. घरात सगळी आहेत."

"मावशी, घर म्हणजे त्यांच्या लेखी तो कागदच," बिराम म्हणाला. "एकटी आहे, एवढंच सांग."

लिजीनाने सांगितलं. बाईने काहीतरी विचारलं आणि लिजीनाचा चेहरा उतरला.

"आधीच्या अर्जात माझं नाव मुलगी म्हणून आहे. एकेकाचं नाव काढायचंय. म्हणते, तुझ्याच तोंडून हवं. लिजीना तुमच्या घरात आहे की नाही."

नेइजॉनचा हात चटईवर पडला. ही पोर धाकट्या बहिणीच्या पोटची. आठवड्याची होती, तेव्हा आइलिंगलापलाप बेटाच्या किनाऱ्यावर बहिणीने ती नेइजॉनच्या ओंजळीत घातली. तेव्हापासून नेइजॉनचीच. सगळ्यांना ठाऊक, कुणी उच्चारत नाही. तू आमच्या घरातली नाहीस, हे आपल्यात फक्त हाकलून देताना म्हणतात.

"मी नाही म्हणणार."

"आई, पाय जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? मग उचलून कोण फिरवणार, मीच ना?" लिजीनाचा आवाज चिरकला. फोनमधली बाई म्हणाली, हॅलो, आहात का तुम्ही?

लिजीना उठली. "मी बाहेर जाते. मला ऐकू येणार नाही. बिराम, तू सांग तिला इंग्रजीत." ती दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"परत ये."

"आई..."

"पाठीमागे म्हटलं तर ते खरं होईल. ये, बस इथे."

लिजीना बसली. नेइजॉनने तिचं मनगट धरलं, होडीत चढताना धरतात तसं घट्ट. फोनकडे न बघता, पोरीच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "लिजीना माझ्या घरात नाही. आता तूच सांग तिला. तुझ्याच तोंडानं."

लिजीनाने सांगितलं. एकेक शब्द, जड पाटी उतरवावी तसा. मग भावांची नावं. मग पोरांची. प्रत्येक नावाला नेइजॉन आधी आपल्या भाषेत ते नाव पुरतं घ्यायची, आईकडचं, बापाकडचं, बेटाचं, आणि मगच म्हणायची, नाही. फोनमधली बाई कंटाळली असेल, पण मध्ये बोलली नाही.

कळा दाबल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"मिळाली मदत," लिजीना हळूच म्हणाली. "एक तारखेपासून लागू."

बिरामने कपाळ पुसलं. नेइजॉनने मनगट सोडलं नव्हतं.

बाईचं अजून संपलं नव्हतं. "विचारतेय, तुझ्या वतीने आमच्याशी कुणी बोलावं असं वाटतं का? एक नाव देता येतं."

"लिजीना," नेइजॉन म्हणाली.

"नातं विचारतेय."

"हेसुद्धा शपथेवरच ना?"

लिजीनाने विचारलं. बाई म्हणाली, हो, सगळंच.

"मग लिहायला सांग तिला," नेइजॉन म्हणाली. "मुलगी."