तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

हामूचे पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि योनास गुरुजींनी त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र हरवले होते असेही नाही. ते टेबलावर चष्म्याच्या घराखालीच होते, आणि रोज चष्मा काढताना गुरुजी ते न दिसल्यासारखे करत.

हामू त्यांची जुनी विद्यार्थिनी. सुंबा बेटावरच्या डोंगरातली, मारापू मानणाऱ्या घरातली. मारापू म्हणजे घराण्याचे पूर्वज. ते घराच्या उंच छपरात राहतात आणि खाली चुलीपाशी काय चालले आहे ते ऐकतात. हामू लहान असताना शाळेत धर्माचा तास एकच होता, ख्रिस्ती धर्माचा, आणि तो योनास गुरुजी घेत. धर्मात नापास झालेले मूल वर चढत नसे, म्हणून हामूही त्या तासाला मुकाट्याने बसली आणि दरवर्षी पहिली आली. आता काळ फिरला होता. मारापूच्या मुलांना त्यांचाच धर्म शाळेत शिकवायचा असे वरून ठरले, आणि त्याच डोंगरातल्या शाळेत शिक्षिका झालेल्या हामूच्या गळ्यात तो तास पडला.

तिने लिहिले होते: ‘गुरुजी, दुसऱ्यांचा धर्म तुम्ही मला इतक्या मायेने शिकवलात की तो अजून पाठ आहे. आता आमचाच धर्म आमच्याच पोरांना शिकवायचा, तर मला सुचत नाही. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, बघून बघून येते. सात वर्षांच्या मुलांना बाकावर बसवून हे शिकवावे का? चाचणीची प्रश्नपत्रिका शिक्षण कचेरीतून आली आहे, सोबत पाठवते. ती बरोबर आहे का, एवढे तरी कळवा. तुमचा शब्द तिथे चालतो.’

प्रश्नपत्रिका वाचून गुरुजींना प्रथम चक्क बरे वाटले होते. ते प्रश्न त्यांचेच होते. तरुणपणी त्यांनी मुलांसाठी केलेले हे प्रश्न कुणीतरी जपून ठेवले होते आणि शब्द तेवढे बदलले होते. ‘देवाच्या पुत्राचे नाव लिहा’ होते, तिथे ‘तुमच्या घरच्या मारापूचे नाव लिहा’ आले होते. प्रश्न तिसरा. गुरुजींनी तो दोनदा वाचला आणि त्यांना त्यात काही खटकले नाही.

उत्तर मात्र जमेना. ‘चि. हामूस’ एवढे लिहून ते थांबत. शिकवावे का? आपण आयुष्यभर शिकवले, ते तरी बरोबर होते का? त्यात आपण चर्चचे वडील, कारभार पाहणाऱ्या पंचांतले एक. मारापूच्या भानगडीत पडलो तर मंडळी काय म्हणतील? मग कागद चुरगळला जाई.

“दोन ओळींना एवढे कागद?” त्यांची बायको दोर्का केर काढताना म्हणे. “नवं बायबल लिहिताय की काय?”

बाजाराच्या दिवशी गुरुजी सुपारी घ्यायला गेले. विकायला बसलेली आपू बाबांग हामूच्याच गावची. आपू म्हणजे आजी. सगळा बाजार तिला आपूच म्हणे.

“काय गुरुजी, दात उरलेत का, की कुटून देऊ?”

“दोन आहेत, आपू. समोरासमोर नाहीत एवढंच.”

म्हातारी खदखदून हसली आणि तिने कुटलेली चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली; गुरुजींनी ती तोंडात टाकली. तिच्या मागे टोपलीला टेकून एक मुलगी बसली होती. शाळेच्या वेळेला मूल बाजारात दिसले की गुरुजींना चैन पडत नसे. त्यांनी वाकून सवयीने विचारले, “बाळ, तुझं नाव काय?”

मुलीने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरले.

“नाव नका विचारू तिला,” आपूचे हसू मावळले. “माझी नात, लिका. पाऊस सरल्यापासून शाळेत गेली नाही. घरातही बोलत नाही.”

“आजारी आहे का?”

“परीक्षेनं आजारी पडलीय. कागद दिला शाळेत, घरच्या मारापूचं नाव लिहा म्हणून. बाकीची पोरं पेन चावत बसली. त्यांना काय ठाऊक नव्हतं होय? पण ते नाव असं घेतात का, गुरुजी? रातो घेतो, आमचा पुजारी, तेही जनावर कापायच्या आधी. आमची ही शहाणी! रातोच्या पाठीमागं बसून कधी ऐकलेलं, ते लिहून मोकळी झाली. हिला पैकीच्या पैकी, बाकीच्यांना भोपळा. नाचत घरी आली आणि चुलीसमोर मोठ्यानं कागद वाचून दाखवला.”

“मग?”

“मग काय! तिच्या काकाला ताप चढला, तो अजून उतरला नाही. पोर म्हणायची, मी बोलले म्हणून झालं. तोंड उघडलं की आणखी कुणीतरी पडेल. आता तेवढंही म्हणत नाही.”

“रातोंनी काही केलं नाही?”

“केलं की. लिकाच्या नावानं कोंबडी कापली. कलेजी पाहिली, तर डाग. रातो म्हणाला, ही मारापूंना पोचली नाही. नाव ज्यानं काढायला लावलं, कोंबडी त्यानं द्यायची. मग हामूबाईनं आपल्या नावानं दिली. पुन्हा डाग. ती बिचारी रडत म्हणाली, प्रश्न माझा नाही हो, वरून आला. आता वर कोण बसलंय ते आम्हाला काय माहीत? कचेरीच्या नावानं कोंबडी कापता येते का?”

गुरुजींच्या तोंडातली सुपारी तिथेच राहिली; गिळवेना, थुंकवेना. काहीतरी बोलायचे म्हणून ते म्हणाले, “तिला पुन्हा ख्रिस्ती तासाला बसवलं तर?”

“तिथं काय सांगतात? तिचा आजा आगीत जळतोय म्हणून. तुम्हीच सांगायचात ना?” मग त्यांचा चेहरा पाहून ती जरा नरमली. “हामू म्हणते, तुम्ही आगीचं हळू आवाजात सांगायचात.”

मुलीने अजून तोंडावरचे हात काढले नव्हते. प्रश्न माझा आहे, एवढेच तीन शब्द सांगायचे होते. गुरुजी मान डोलावून घरी आले.

दोर्काला त्यांनी सगळे सांगितले. तिने केरसुणी भिंतीला टेकवली.

“मग तिथंच का नाही बोललात?”

“जीभ वळली नाही.”

“आणि आता कोंबडी देणार? चर्चचे वडील, रातोच्या हातात? पाळकबुवा रविवारी तुम्हाला मागच्या बाकावर बसवतील.”

“बसवतील.”

“मला नाही यायचं हं मागं. तिथून ऐकू येत नाही.” तिने केरसुणी पुन्हा हातात घेतली. “लिहा. पण लिहून खिशात घेऊन फिरू नका.”

गुरुजींनी कागद घेतला. या वेळी ते थांबले नाहीत.

‘चि. हामूस आशीर्वाद. तिसरा प्रश्न माझा आहे. मी तो दुसऱ्या मुलांसाठी केला होता. तू पाठवलास तेव्हा मी वाचला आणि मला काही कळले नाही. तेव्हाच उत्तर दिले असते तरी चूकच कळवली असती. तो प्रश्न खोडून टाक. ज्यांनी कागद कोरा ठेवला, त्यांचे उत्तर बरोबर होते. त्यांना गुण दे. हे पत्र कचेरीत दाखव, मी नाही म्हणणार नाही. लहान मुलांना शाळेत धर्म शिकवावा का, हे मला अजून ठरवता येत नाही. शिकवला नाही तर लिका आमच्या तासाला बसेल आणि आजोबांसाठी रडेल. शिकवला तर तिला त्यात पहिले यावेसे वाटेल. एवढे मात्र नक्की, त्याला गुण देऊ नयेत. रातोंना सांग, कोंबडी माझ्या नावाने होईल. पुढच्या बाजारानंतर मी घेऊन येतो. त्याने ताप उतरतो का हे मला माहीत नाही, माझा त्यावर विश्वासही नाही. पण लिकाचा आहे. चूक तिची नव्हती हे तिला तिच्या घरात, तिच्या रीतीने ऐकू यायला हवे.’

पोस्टातल्या माणसाने पाकीट उलटून पाहिले.

“पाठवणाऱ्याचं नाव राहिलं, गुरुजी.”

ते विसरले होते की मुद्दाम ठेवले नव्हते, हे त्यांचे त्यांनाच सांगता आले नसते. खिडकीत दोरीला बांधलेले पेन होते. मागे रांगेत त्यांच्याच चर्चमधल्या दोघी उभ्या होत्या आणि वाकून पाहत होत्या. गुरुजींनी पूर्ण नाव लिहिले, योनास न्दिलू, आणि खाली चर्चजवळचा पत्ता.

शिक्का पडला. माणसाने पाकीट डोंगराकडे जाणाऱ्या पोत्यात टाकले आणि पुढच्या बाईकडे हात केला.