तिसरा क्लिक

उषाताईंनी ट्रायपॉडच्या तोकड्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली, कॅमेऱ्यातून एकदा बघितलं आणि तो हलू नये म्हणून रिमोट घेऊन डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"आता हलू नका."

"मी कधी हललो?" खिडकीशी उभे असलेले जयसिंहराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता चांगले हलले.

त्यांच्या पाठीमागे, खिडकीबाहेर, किल्ला होता. लग्न होऊन उषाताई किल्ल्याजवळच्या हजीरा वस्तीतल्या या घरात आल्या त्याला छत्तीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून या खिडकीतला नवऱ्याचा एकही फोटो धड निघाला नव्हता. बाहेरचा लख्ख उजेड धरला की किल्ला झकास यायचा, पण त्याच्यापुढे जयसिंहराव म्हणजे नुसता काळा ठोकळा. खोलीतला अंधार धरला की जयसिंहराव मिशांसकट उमटायचे, पण किल्ल्याच्या जागी चुना फासल्यासारखं पांढरं. जयसिंहरावांना किल्ला हवा असायचा, उषाताईंना जयसिंहराव. दर वेळी वाद व्हायचा आणि दर वेळी किल्लाच जिंकायचा.

आता मात्र घाई होती. शेजारचे मानसिंगराव तिसरा मजला चढवत होते. मिस्त्री रोज विटांचे चार थर रचायचा. किल्ल्याच्या कड्याचा पायथा गेल्या आठवड्यातच दिसेनासा झाला होता, आता निम्मा कडाही गेला. "सोमवार तक दीवार पूरी, अम्माजी," असं त्याने मोठ्या प्रेमाने सांगून टाकलं होतं. आज रविवार.

एचडीआरची युक्ती त्यांना पुतणीने शिकवली होती. गरिमा शहराच्या दुसऱ्या भागात, मुरारला राहायची आणि लग्नांचे फोटो काढायची. "काकू, एकच सीन तीनदा घ्यायचा. पहिला डार्क, दुसरा नॉर्मल, तिसरा एकदम ब्राइट. मग कम्प्यूटरवर तिन्ही मिक्स करायचे, बस. पण मध्ये कोणी हललं ना, तर फोटोत भूत येतं."

मुलगा उत्कर्ष नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा घरीच राहिला होता. तो काढून उषाताई दोन महिने शिकल्या. लोणच्याच्या बरण्या, अंगणातली तुळस, जिन्याखालची सायकल, घरातल्या सगळ्या न हलणाऱ्या वस्तूंचे एचडीआर झाले. सुरुवातीला आकाश जांभळं व्हायचं आणि बरण्या सोन्याच्या. मग हात आवरता घेणंही जमलं. राहिला तो हा एकच फोटो, आणि त्यातला माणूस काही केल्या स्थिर राहीना.

तसा दोष त्यांचाही नव्हता. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. 'हलू नका' म्हटलं की सावधान. पहिला क्लिक कानावर पडला की फोटो झाला, विश्राम. पुढचे दोन क्लिक बाकी आहेत हे त्यांच्या डोक्यात शिरायचं, पण मानेत शिरायचं नाही. तिन्ही फोटो जोडले की सुभेदारसाहेबांना दोन नाकं यायची.

त्या सकाळी अकरा वेळा घेतलं आणि अकराही वेळा तेच झालं. उषाताई रडकुंडीला आल्या. जयसिंहराव अपराधी चेहऱ्याने अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालू लागले.

तेवढ्यात गरिमा स्कूटी लावून आत आली. तिने लॅपटॉप पुढे ओढला, दोन नाकं पाहून पोटभर हसली आणि मग जरा गंभीर झाली.

"काकू, तुम्ही तिन्ही फोटोंतले काका का जोडताय?"

"मग काय करू?"

"किल्ला उजेडात आहे, तो पहिल्यातून घ्या. काका अंधारात आहेत ना, त्यांना फक्त तिसऱ्यातून घ्या. बाकीचे काका ब्रशने मिटवून टाका. पहिल्यात ते नाचले तरी क्या फर्क पड़ता है?"

उषाताईंनी तिसरे फोटो सुटे करून कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी पहिल्या खेपेचा उघडला. मग दुसऱ्या खेपेचा. मग उरलेले, एकेक करून.

छाती काढून, रेशनकार्डावरच्यासारखी नजर समोर लावून उभे असलेले जयसिंहराव यांत कुठेच नव्हते. खांदे सैल पडले होते. मिशीखाली हसू फुटायच्या बेतात होतं. मान थोडी वळली होती आणि डोळे कॅमेऱ्याच्या बाजूला, डावीकडे लागले होते. अकराच्या अकरा फोटोंत.

"काकू," गरिमा हळूच म्हणाली, "तिकडे तर तुम्ही उभ्या होतात ना?"

उषाताईंना इतका आनंद झाला की कुठे बघावं ते कळेना. त्या स्क्रीनवरच बघत राहिल्या.

"ब्रश कुठला म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

तासाभराने जयसिंहरावांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि अपेक्षेप्रमाणे आधी किल्ला तपासला. उरलेला कडा, तट, बुरूज, वरचं निळं आकाश, सगळं जागच्या जागी होतं. खाली मानसिंगरावांच्या विटांची एक ओळही आली होती. मग ते स्वतःकडे वळले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो," शेवटी ते म्हणाले.

"नव्हतात."

"मग हा फोटो चुकलाच की."

"चुकू दे. मोठा करून घेणार आहे मी हा."

जयसिंहरावांनी घसा खाकरला. खिडकीबाहेर पाहिलं. मिस्त्री आज सुट्टीवर होता आणि निम्मा कडा अजून शाबूत होता.

"जा, तू उभी राहा तिथे," ते म्हणाले. "रिमोट इकडे आण. तुझा कुठे आहे या खिडकीतला फोटो?"

"माझा कशाला?"

"सावधान!"

गरिमा हसत बाजूला झाली. उषाताईंनी पदर सारखा केला आणि खिडकीशी जाऊन, हनुवटी वर करून, नजर सरळ कॅमेऱ्याच्या काचेवर लावली. हलायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

क्लिक.

क्लिक.

कॅमेऱ्याच्या डावीकडे जयसिंहराव श्वास रोखून, रिमोट छातीशी धरून, स्वतःच सावधानात उभे होते. तिसऱ्या क्लिकला जरासा जास्त वेळ लागतो.

"हललीस," ते म्हणाले.

"हो," उषाताई म्हणाल्या. "तिसऱ्यालाच."