सेगावाची बाटली

जपानातल्या कुशिरो बंदरात धुकं शिरलं की माणसं समुद्राकडे पाठ करतात आणि निखाऱ्यांकडे तोंड. मित्सुएबाईंच्या दुकानात निखाऱ्यांभोवती सात स्टुलं होती. सेगावा गेल्यापासून सहांवर माणसं बसत आणि सातव्यावर तोकुजीची टोपी. कोणी विचारलं तर तोकुजी म्हणे, "माणूस आहे तिथं."

दोघांनी एकाच बोटीच्या इंजिनखोलीत एकतीस वर्षं काढली होती. इंजिनाच्या धडधडाटात काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांचं कधी भांडणही झालं नाही. निवृत्तीनंतर ते रोज इथं शेजारी बसून भाजलेला मासा खात आणि सवयीने गप्प राहत. ऑक्टोबरात सेगावा मेला. मागे उरली फळीवरची शोचू दारूची अर्धी बाटली, गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी.

गिऱ्हाइकाने घेतलेली बाटली त्याच्या नावाने फळीवर राहते, हा दुकानाचा रिवाज. तीन महिने कोणी हात लावला नाही तर ती मोरीत ओतायची, हाही रिवाजच. बाईंनी तो सख्ख्या नवऱ्याच्या बाटलीलाही लावला होता.

तोकुजीला ती बाटली फळीवर हवी होती. जगाकडे त्याचं दुसरं काही मागणं नव्हतं. म्हणजे दोस्ताच्या नावाने ती प्यायची, पण संपू द्यायची नाही. शाळेत गणितात कायम गटांगळ्या खाल्लेल्या तोकुजीने हे गणित एका रात्रीत सोडवलं. पेलाभर शोचू बाहेर; बाईंची पाठ वळली की पेलाभर पाणी आत. शोचू दिसते पाण्यासारखीच. मार्चपर्यंत ती लागायलाही तशीच लागली. तोकुजी मात्र घोट घेऊन रीतसर "आऽह" करी आणि नाकासमोर चालत घरी जाई. म्हाताऱ्याला हल्ली चढत नाही, असा त्याचा आळीत लौकिक झाला.

मार्चअखेर सेगावाची मुलगी चिनात्सु बापाची खोली रिकामी करायला सप्पोरोहून आली. संध्याकाळी ती दुकानात शिरली. तोकुजीने तिच्यासाठी सातव्या स्टुलावरची टोपी उचलली.

बाईंनी तिच्यापुढे भाजलेला होक्के मासा ठेवला. "तुझ्या बापाचा आवडता. काटे जपून."

"बाबांची बाटली इथं आहे म्हणे. एक पेला द्याल? गरम पाणी नको. नुसतीच."

"नुसती कोणी पितं का?" तोकुजी घाईघाईने म्हणाला. "आतडी जळतात."

"बाबा प्यायचे, काका. म्हणून तर आमचं बोलणं तुटलं."

तिने डोळे मिटून पेला तोंडाला लावला. मग उघडले. पुन्हा एक घोट घेतला.

"हे पाणी आहे."

कोपऱ्यातला नाकाबायाशी चावायचा थांबला. सगळ्यांसमोर 'तुझ्या मेलेल्या बापाची दारू मी ढोसली' असं कसं सांगायचं? तोकुजीच्या तोंडून निघून गेलं, "त्यानं सोडली होती, पोरी. दोन वर्षं झाली. चारचौघांत लाज नको म्हणून बाटलीत पाणी भरायचा."

"सेगावानं? सोडली?" नाकाबायाशीला ठसकाच लागला. बाईंनी चिमटा आपटून त्याला गप्प केलं.

इतकं देखणं खोटं तोकुजी जन्मात बोलला नव्हता. तो जरा सैलावून बसला.

"दोन वर्षं?" चिनात्सु म्हणाली. "मी म्हटलं होतं, सोडलीत की फोन करा, नातीला घेऊन येते. आणि मी त्या फोनची वाट बघत बसले. त्यांनी सोडली होती, आणि मी एकदाही विचारलं नाही."

ती आवाज न करता रडू लागली. मासा निवत गेला.

"नाही, नाही!" तोकुजी स्टुलावरून उतरला. "खोटं बोललो मी. पाणी मी घातलंय. तुझा बाप मरेस्तोवर प्यायला! आदल्या रात्री त्या दारात ओकला होता! बाई, सांगा ना हिला!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "जानेवारीत रात्री हीटर बंद पडला. फळीवरच्या चाळीस बाटल्यांत ही एकटी गोठली. तेव्हाच ओळखलं मी."

"पक्का बेवडा, पोरी," नाकाबायाशीने छातीवर हात ठेवला. "देवाशपथ."

चिनात्सुने डोळे पुसले, उभी राहिली आणि तिघांपुढे कमरेत वाकली.

"माझा जीव हलका व्हावा म्हणून तुम्ही त्यांच्या नावाला काळं फासताय. इतकी माया होती त्यांच्यावर कोणाची, हेही मला माहीत नव्हतं."

तोकुजी पुन्हा स्टुलावर बसला. आता आणखी खरं सांगणं म्हणजे तिच्या बापाला आणखी थोर करणं होतं.

"बाटली नेऊ का? घरी त्यांच्या फोटोपुढे ठेवीन."

नाही कोण म्हणणार? बाईंनी बाटली फडक्यात गुंडाळून दिली. चिनात्सु ती दोन्ही हातांनी छातीशी धरून धुक्यात गेली.

तोकुजीने पेला पुढे केला. बाईंनी त्यात खरी शोचू ओतली. पाच महिन्यांनी ती घशात उतरली तेव्हा तो इतका खोकला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्या फळीकडे वळल्या आणि शेजारच्या बाटल्या चार-चार बोटं आत सरकवू लागल्या. जागा लगेच भरली.