खाली गेलेला एकच ठोका

मी एक जुना दाबमापक आहे, मित्रांनो. सध्या दवाखान्याच्या अडगळीत पडलेला. मला आणले तेव्हा सगळ्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले होते. आता माझ्यावर लोक ओले एप्रन वाळत घालतात.

माझे काम नाजूक होते. केसाएवढी बारीक तार हृदयाच्या धमनीत सरकवायची आणि रक्ताचा ओघ वाढवणारे औषध सोडायचे. धमनी अरुंद झाली असेल, तर पुढचा दाब घसरतो. किती उरला, ते मी शंभरापैकी सांगायचे. ऐंशीच्या खाली गेला की स्टेंटची जाळी. वर राहिला की गोळ्या घेऊन घरी.

पण औषध चढताना माणूस धापा टाकतो आणि आकडा ठोक्यागणिक डुलतो. त्यात मला घडवणाऱ्यांनी एक खोड लावून ठेवली होती. सगळ्यात खालचा आकडा तेवढा मी मोठ्या अक्षरांत दाखवायचो.

एकदा गोदीतले क्रेनवाले काका टेबलावर होते. जाळी बसली की क्रेन बंद, असा त्यांच्या गोदीचा नियम.

"डॉक्टर, मला परत वर चढता येईल ना?"

"आकडा सांगेल, काका," मोठे डॉक्टर म्हणाले.

औषध सुरू झाले. मी चौऱ्याऐंशीच्या आसपास होतो. काकांनी घाबरून खोल श्वास ओढला, तसा एक ठोका अठ्ठ्याहत्तरवर गेला. लगेच पुन्हा चौऱ्याऐंशी.

"सर, तो श्वासामुळे गेला खाली," धाकट्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "परत मोजू या का?"

"परत मोजलं की तिसराच येईल. मग कुणाचं ऐकायचं? मशीन अठ्ठ्याहत्तर म्हणतंय ना?"

मी म्हणतोय? मी चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी म्हणून जीव तोडून सांगत होतो! पण मोठी अक्षरे माझ्याच कपाळावर होती. जाळी बसली.

वर्षभराने काका तपासणीला आले. "आता खाली फाटकावर बसवलंय," ते बाईंना म्हणाले. "क्रेनकडे बघवत नाही हो." मग त्यांनी माझ्यावर मायेने हात फिरवला. "पण याने सांगितलं म्हणून वाचलो."

मला तो हात सोसवला नाही.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण माझ्या जागी आलेल्या नव्या यंत्राचा आकडा डुलत असेल, तर तो ठरेपर्यंत थांबा. आणि तेवढाही धीर नसेल, तर जाळी आपल्या नावावर बसवा, आमच्या नको.