ठराव कुणी मांडला?

तेजस्वी कॉलेजात अमेरिकेचं राजकारण शिकवायची. तिकडच्या संशोधकांचा एक प्रयोग तिचा फार लाडका. गरिबांना मदतीची एकच योजना. काहींना सांगायचं ही तुमच्या पक्षाची, काहींना सांगायचं समोरच्यांची. आपल्यांची म्हटली की माणसं माना डोलावत, दुसऱ्यांची म्हटली की तीच योजना कडू लागे. आणि वर छातीठोकपणे सांगत, पक्षाचा संबंधच नाही, आम्ही योजना बघून ठरवलं!

हे ऐकून तिचे वडील कृष्णात पोट धरधरून हसले. "शिकून-सवरून गाढवंच की ती!"

आणि हेच कृष्णात दुसऱ्या दिवशी तालमीच्या बैठकीतून तणतणत आले. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या तालमीत कुस्तीइतकंच फुटबॉलचं वेड; आणि तिथं दोन गट, दोन्ही तोडीस तोड. एका गटानं नाही म्हटलं की ठराव पडलाच. समोरच्या गटाच्या विजयसिंहांनी मागणी केली होती, की तालमीच्या मैदानावर मुलींनाही फुटबॉल खेळू द्यावा. त्यांच्या नातीला खेळायचं होतं. तेजस्वीची लेक राजनंदिनी तर गल्लीतल्या भिंतीवर बॉल हाणून शेजाऱ्यांच्या शिव्या खायची. तरी कृष्णातांनी ठराव पाडला.

"पोरींचं हातपाय मोडलं तर कोण बघणार? ह्यात गटबिट काय न्हाय हां," ते म्हणाले.

लेकीचा उतरलेला चेहरा तेजस्वीनं पाहिला. वडिलांशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिनं कृष्णातांच्या गटातल्या जोतीरामला गाठलं आणि पुढच्या बैठकीत तोच ठराव त्याच्या नावानं मांडायला लावला. मायलेकी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पहिला हात कृष्णातांचा वर गेला.

"पोरींनी खेळलंच पायजे की! तालमीचं नाव हुईल!"

तेजस्वीला हसू आवरेना. तेवढ्यात विजयसिंह उठले.

"आमचा विरोध हाय. पोरींना काय झालं तर जबाबदार कोण?"

त्यांच्या गटानं मान डोलावली आणि ठराव पुन्हा पडला.

घरी येताना तेजस्वीच्या डोक्यात तिडीक गेली होती. "बघितलंस? ही माणसं अशीच! पोरींचं भलं बघवतच न्हाय त्यांना. आपल्या लोकांनी हात तरी वर केला."

"पण आई, आमच्यासाठी पहिल्यांदा तेच उभे राहिले होते," राजनंदिनी म्हणाली. "ठरावावरनं त्यांचं नाव तूच काढून टाकलंस."

तेजस्वी समजावू लागली. विजयसिंहांना मुलींची काळजी कधीच नव्हती, नुसता मोठेपणा हवा होता, नातीचं आपलं निमित्त. एकेक कारण तिला बोलता बोलता सुचत गेलं, आणि प्रत्येक तिला खरं वाटलं.

राजनंदिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे त्यांच्या नातीशी मी आता बोलायचं न्हाय व्हय?"

तसं नाही गं, एवढंच म्हणायचं होतं. ते तेजस्वीच्या तोंडून लगेच निघालं नाही, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.