बोटांमधले पाणी

बाळीवेशीतल्या आमच्या खोलीत सकाळचे ऊन कधी एकदम येत नाही. आधी ते समोरच्या घराच्या पत्र्यावर थबकते. तिथून त्याचा फिकट, थरथरता उजेड आमच्या छतावर पडतो, आणि मग बऱ्याच वेळाने, खिडकीच्या गजांमधून, खरे ऊन जमिनीवर उतरते. शहाबादी फरशीचा काळसर रंग त्याने उजळत नाही. फक्त तिच्यावरची धूळ दिसू लागते. ऊन पुढे सरकते. स्टूल, पाण्याची बादली, चादरीची लोंबती कड. यात पाहण्यासारखे काही नाही, तरी मी रोज पाहत बसतो. कारण ते अप्पांच्या पावलांवर पोचले की माझे काम सुरू होते. दिव्याच्या उजेडात पायाचा खरा रंग कळत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील, मडिवाळय्या स्वामी. आम्ही जंगम, लिंगायतांचे गुरू. गल्लीतल्या कित्येक घरांनी या पावलांची पूजा केली आहे, त्यांच्यावरून ओघळलेले पाणी तीर्थ म्हणून घेतले आहे. अर्धांगवायू झाल्यापासून ती चाकाच्या खुर्चीच्या फळीवर नुसती ठेवलेली असतात. त्यात साखरेचा आजार जुना. डाव्या करंगळीच्या बेचक्यात बारीकशी भेग पडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "बेचकं कोरडं राहिलं पाहिजे. चिघळलं तर बोट काढावं लागेल."

म्हणून मी कोमट पाण्यात आधी आपले कोपर बुडवून पाहतो, साबणाने हलकेच पाय धुतो आणि जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने एकेक बेचके टिपून घेतो. खोबरेल टाचांना लावतो, बोटांमध्ये नाही. तळव्यांखाली आरसा धरतो. "पाणी कसं आहे?" असे विचारले की अप्पा क्षणभर माझ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "बरोबर आहे." त्या दोन शब्दांवर माझा दिवस जात असे. मला वाटे, पायांत संवेदना परत येते आहे.

पण एक गोष्ट उलगडत नव्हती. दुपारी मी शिकवणीच्या वर्गात गणित शिकवायला जातो. संध्याकाळी परतून मोजा काढला की ते बेचके पुन्हा ओले, पांढरे, भिजल्या कागदासारखे. दिवसभर जो माणूस खुर्चीतून उठत नाही, त्याच्या पायाला पाणी लागते कुठून? घाम म्हणावा, तर मोजा कोरडा. मी सुती मोजे आणले, पंखा वळवला, छत गळते का तेही पाहिले. मग एका संध्याकाळी फडक्याला राखाडी काहीतरी लागले. मी ते बोटांवर चोळले, वास घेतला. विभूती. अप्पांच्या कपाळावर ती रोज असते. पण बोटांच्या बेचक्यात ती कशी उतरली?

विचारायला जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणी लवकर सोडून मी घरी आलो.

दार लोटलेले होते. अप्पांची विभूती लावलेली पावले पितळेच्या परातीत होती, आणि शेजारच्या गुरम्मा तांब्याने त्यांच्यावर पाणी घालत होत्या. अप्पांचे डोळे मिटलेले. आजारपणात इतके ताठ बसलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

"धाकटे स्वामी, आज लवकर?" गुरम्मा हसल्या. "पोरांनी हाकललं की काय?"

"हे... रोज चालतं?"

"मग? आधी स्वामी आमच्या घरी यायचे. आता त्यास्नी येता येत न्हाई, तर आमी येऊ नये व्हय?"

"गुरम्मा, बोटांत पाणी राहतं."

"ऱ्हाणारच की. तीर्थ हाय ते, पुसत न्हाईत. वरनं आपोआप वाळलं की मोजा चढवते. माज्या सासूनं कधी पुसलं न्हाई."

अप्पांनी डोळे उघडले. "त्याचं मनावर घेऊ नकोस गं. घराचा दवाखाना केलाय त्यानं." मग मला समजावल्यासारखे म्हणाले, "अरे, गार पाणी पडलं की पायांना बरं वाटतं."

"गार?" गुरम्मांचा तांब्या हातातच राहिला. "अवो, बंबातलं हाय की! थंडी लई म्हणून आज मुद्दाम आणलं. म्हातारीची चेष्टा करताय व्हय?"

अप्पा हसले, पण जरा उशिराने.

मी परातीत बोटे घातली आणि झटकन काढली. आयुष्यभर भाकरी थापून निबर झालेल्या गुरम्मांच्या हातांना ते पाणी नुसते कोमट वाटले असणार. अप्पांची पावले लाल होऊ लागली होती. मी ती उचलून माठाशेजारच्या घागरीतले साधे पाणी त्यांच्यावर संथपणे ओतत राहिलो. लाली हळूहळू उतरली. मग करंगळी बाजूला करून मी गुरम्मांना ती भेग दाखवली. आता ती नुसती भेग राहिली नव्हती. आत ओले, लालसर मांस दिसत होते.

"शिवा शिवा," त्या पुटपुटल्या.  "पुसलं तर... तीर्थ जातं का हो, स्वामी?"

 अप्पांनी उत्तर दिले. "परातीतलं परातीत राहतं, गुरम्मा. पायावरचं पूस."

मी फडके पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. पदराचे धुतलेले टोक पुढे ओढून, मी दाखवले तसे, एकेक बेचके टिपले. पाणी आधी कोपराने पाहतो, हेही मी सांगितले. जाताना म्हणाल्या, "उद्यापास्नं पाणी तुमच्या बादलीतलं. आन् कोपर तुमचं."

दार लागल्यावर आम्ही दोघेच उरलो. उद्या दवाखान्यात जायचे, एवढेच मी बोललो. अप्पांनी मान हलवली.

"अप्पा, रोज सकाळी मी विचारतो तेव्हा..."

"तुझं तोंड बघून सांगायचो," ते शांतपणे म्हणाले. "तू निवांत दिसलास की पाणी बरोबर असायचं."

मी त्यांचे डावे पाऊल मांडीवर घेतले. ते उबदार होते, जड होते. अप्पांच्या पायांना काहीही कळत नव्हते.