तिसऱ्या पेटीचा आवाज

कवळीवाल्यांना मधमाश्यांची भीती वाटायची. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं, पण ते स्वतः कधी कबूल करत नसत. लग्नानंतर वीसेक वर्षांनी बायकोला माश्या पाळायचा नाद लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक माशी त्यांच्या पापणीला डसली. डोळा बटाट्याएवढा सुजला. तळमजल्यावरच्या खोलीत ते कवळ्या बनवत, आणि गुलाबी मेणात एकेक दात ओळीत बसवायचा तर दोन्ही डोळे शाबूत लागतात. चार दिवस काम बंद पडलं. ज्या म्हाताऱ्याची कवळी अडकली होती तो रोज दारात येऊन बोळक्या तोंडाने शिव्या घालून गेला. त्यानंतर कवळीवाले गच्चीवर फिरकले नाहीत, कपडे वाळत घालायलासुद्धा नाही. कोणी विचारलं की म्हणत, गुडघा दुखतो.

बायको मात्र गच्चीवर रमली. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई तिच्या गुरू. त्यांच्या घरी कैक वर्षांपासून पेट्या होत्या, आणि किती ठेवाव्यात याबद्दल त्यांचं मत पार्सलाच्या वजनाइतकं पक्कं होतं. हौसेखातर पाळणाऱ्याने एकच पेटी कधी ठेवू नये, कारण तिचं काही बिनसलं तर ताडून बघायला शेजारी दुसरी नसते, आणि राणी मेली तर अंडी उसनी आणायची कुठून? म्हणून दोन. तिसरी आली की हौस संपते आणि हमाली सुरू होते. बाईंनी दोन पेट्या आणून दिल्या, चार पायांच्या लोखंडी घोड्यांवर बसवून दिल्या, आणि दोनच्या वर जायचं नाही अशी तंबीही दिली.

बायकोने ती वर्षभर पाळली. मग दुसऱ्या पेटीत माश्या मावेनाशा झाल्या, तेव्हा तिने कोणाला न विचारता त्यातल्या पोळ्याच्या चार चौकटी, अंडी-माश्यांसकट, काढल्या आणि तिसरी पेटी केली. त्या पेटीतल्या माश्यांनी आपली राणी आपणच घडवली. "पहिल्या दोन बाईंच्या, तिसरी माझी," असं ती म्हणायची. मुलगी परगावी नोकरीला गेल्यापासून घर सुनं झालं होतं. त्या तिसरीचे लाड बघून कवळीवाले म्हणत, घरात पुन्हा पाळणा हललाय, फक्त बारशाला कोणी जवळ जाऊ नका.

रोज संध्याकाळी सव्वासहाला, माश्या घरी परतल्या की ती वर जायची. झाकण उघडायची नाही. प्रत्येक पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि कान लावायची. राणी आत असली तर गुणगुण एकदम उठते आणि लगेच विरते. राणी नसली तर आवाज विरत नाही, कण्हल्यासारखा लांबत जातो. तो लांबला की शेजारच्या पेटीतली अंड्यांची एक चौकट काढून आत घालायची. माश्या त्यातून नवी राणी करतात आणि पेटी वाचते. जेवताना हे सगळं शंभरदा ऐकून कवळीवाल्यांना पाठ झालं होतं.

पुढे ती आजारी पडली. गच्चीच्या अगदी खाली मुलीची जुनी खोली होती, तिथे उजेड चांगला येतो म्हणून तिची खाट तिकडे हलवली. आधी जिना सुटला, मग अंथरुणातून उठणंही सुटलं. तेव्हा तिने नवऱ्याकडे एकच काम मागितलं.

"अहो, काही उघडू नका, कशाला हात लावू नका. रोज तिन्हींवर दोनदा वाजवा, कान लावा आणि मला येऊन सांगा. एवढंच."

नाही कसं म्हणणार? कवळीवाले त्याच संध्याकाळी जिना चढले. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी गच्चीच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. पलीकडून गुणगुण ऐकू येत होती. त्यांची पापणी फडफडायला लागली आणि कडी काही सरकेना. आपण पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहोत, पलीकडे बोटाच्या पेराएवढ्या माश्या आहेत, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. शेवटी मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि ते खाली आले.

"पहिली?" तिने विचारलं.

"लगेच विरला."

"दुसरी?"

"लगेच."

"आणि तिसरी?"

"तीही."

"बरं," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी खोटं बोलताना जीभ अडखळते, दुसऱ्या दिवशी ती वाट ओळखते. कवळीवाले काही लबाड माणूस नव्हते. एखाद्या कवळीचा दात केसभर तिरका बसला तरी सगळी मोडून पुन्हा करणारे. उद्या नक्की जाऊ, असं ते रोज ठरवत, आणि रोज त्या कडीवर हात ठेवून शंभर मोजत. असे चाळीसच्या वर दिवस गेले.

मध्ये एकदा ती म्हणाली, "गुडघ्याला त्रास होत असेल तर राहू द्या. मी बाईंना निरोप धाडते." त्यावर कवळीवाले उखडले. एवढं एक काम सांगितलंस, तेही काढून घेतेस का, म्हणाले. दोन-तीन दिवसांनी छताकडे बघत तिने सांगितलं, "आज तिसरीवर जरा जोरात वाजवा हं."

ते वर गेले, कडीला धरून उभे राहिले, खाली आले.

"वाजवलंत जोरात?"

"चांगलं दणकून वाजवलं. लगेच विरला."

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांचा हात हातात घेऊन थोपटत राहिली.

ती गेल्यावर आठवड्याभराने बाई येऊन पेट्या बघून गेल्या. पहिल्या दोन भरलेल्या होत्या. तिसरीत मूठभर मेलेल्या माश्या आणि मेणकिड्याची जाळी, बाकी काही नाही. राणी जाऊन दीड-दोन महिने झाले असावेत, बाई म्हणाल्या. वेळेवर कोणी कान लावला असता तर एका चौकटीचं काम होतं. बाईंच्या मनात काही नव्हतं, पण कवळीवाल्यांना ते वाक्य असं लागलं की त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. आपल्या भित्रेपणापायी तिची पेटी मेली, आणि आपण तिला अखेरच्या दिवसापर्यंत फसवलं. हे सांगायचं कोणाला? जिला सांगायचं तीच नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सव्वासहाची टकटक सुरू झाली. कवळीवाले खाली मोटरवर कवळीला पॉलिश करत असले तरी मोटरच्या घरघरीतून त्यांना ती ऐकू यायची. दोनदा. थांबून दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. त्यांनी नळाचे पाइप तपासून घेतले. सुताराला बोलावून खिडकीची झडप ठोकून घेतली. सुताराने, जाताना सहज, वर कोणी राहतं का म्हणून विचारलं, तेव्हा ते त्याच्या अंगावर खेकसले. सहा वाजले की मेणातले दात वाकडे बसायचे. मुलीच्या जुन्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं. ते आठ महिन्यांत उघडलं नाही.

आठ महिने बाई दर दुसऱ्या रविवारी येऊन पेट्या सांभाळत होत्या. आता त्यांनी हात जोडले. माझंच मला उरकत नाही, म्हणाल्या, तुम्ही एकदाचा आकडा ठरवा. शून्य म्हणालात तर सगळं उचलून नेते. दोन म्हणालात तर तुम्हाला शिकवते, पण मग रोज वर यायला हवं. तिसरं रिकामं खोकं मात्र मी येत्या रविवारी घेऊन जाणार, ते ठेवून करायचंय काय? मुलीचं फोनवर एकच पालुपद होतं की, बाबा, एकही ठेवू नका, तुम्हाला जमणार नाही.

आकडा सांगणं सोपं होतं. शून्य म्हटलं की सुटका होती. पण तिसरी पेटी त्या गच्चीवरून गेली की ती मेल्याची खूणच उरणार नाही, आणि मग त्यांचं खोटं कायमचं खरं ठरेल, असं कवळीवाल्यांना वाटत होतं. आठवडाभर ते उरलेल्या मेणाच्या तुकड्यावर सुरीने आकडे कोरत आणि पुन्हा तापवून पुसत बसले.

रविवारी बाई आल्या, त्याही उशिरा, संध्याकाळी. आधी जाळीची टोपी घालून वर या, माश्या डोळ्यांनी बघा आणि मगच बोला, असं सांगून त्या पुढे झाल्या. टोपी मुलीच्या खोलीतल्या कपाटात होती. कवळीवाल्यांनी कुलूप काढलं. आत औषधांचा जुना वास तसाच होता. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांनी कपाट उघडलं, टोपी हातात घेतली, आणि डोक्यावर आवाज झाला.

टक, टक.

कोणी खाटेच्या दांडीवर वाजवावं इतका स्पष्ट. कवळीवाल्यांच्या हातातली टोपी पडली. वर बाईंची पावलं सरकली, आणि पुन्हा, जरा अलीकडे, टक, टक. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हे बाईच वाजवताहेत. लाकडी पेट्या, लोखंडी घोडे, आणि घोड्यांचे पाय थेट स्लॅबवर. वरचा एकेक ठोका या खोलीत उतरत होता. ही खोली त्यांची कधी नव्हतीच. संध्याकाळी ते नेहमी खाली, मोटरच्या आवाजात असायचे, मग त्यांना कळणार कुठून?

ते खाटेच्या कडेवर बसले. त्या हिशेबाने तिसरी पेटी उशाच्या बरोब्बर वर यायची. आता तिसरीवर वाजेल म्हणून ते छताकडे बघत राहिले. वाजलं नाही. आणखी वाट पाहिली. छत गप्प होतं.

मग हळूहळू सगळं त्यांच्या अंगावर आलं. याच जागी पडून ती रोज सव्वासहाला अशीच छताकडे बघत होती. चाळीस संध्याकाळी. एकदाही वर पाऊल वाजलं नाही की टकटक झाली नाही. आज तिसरीवर जरा जोरात वाजवा हं, असं तिने म्हणून पाहिलं, तेव्हाही नाही. आणि दर वेळी नवरा खाली येऊन सांगत होता की लगेच विरला, आणि ती बरं म्हणत होती. तिला सगळं ठाऊक होतं. बाईंना एक निरोप धाडला असता तर तिची पेटी वाचली असती, पण मग नवरा खोटा पडला असता. तिने पेटी मरू दिली आणि त्यांना खोटं पडू दिलं नाही.

कवळीवाले रडले. आवाज न करता, तोंडावर हात दाबून, कारण वर बाई होत्या. मग उठले. टोपी तिथेच राहिली. जिना चढून ते शेवटच्या पायरीवर आले, आणि बाईंनी उघडलेल्या कडीला हातही न लावता दार ढकलून गच्चीवर पाऊल टाकलं.

बाई पहिल्या पेटीपाशी वाकल्या होत्या. "अहो, टोपी कुठाय?" त्यांनी विचारलं. कवळीवाले पहिल्या दोन पेट्यांवरून सरळ चालत गेले. एक माशी कानाशी घोंघावली, एक गालावर बसून उडाली. त्यांची पापणी फडफडत होती, पण पाय थांबले नाहीत.

"तिसरीवर वाजवलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

"ती रिकामी आहे. तिच्यावर कशाला वाजवू?"

कवळीवाल्यांनी बोटाचं पेर दुमडलं आणि तिसऱ्या पेटीवर जोरात वाजवलं. टक, टक. मग झाकणाला कान लावला. आत काही नव्हतं. लाकूड उन्हाने तापलेलं होतं, एवढंच. मग ते गुडघे टेकून खाली बसले, दोन्ही हात स्लॅबवर ठेवले आणि वाकले, पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी भिंतीतून बोलतात तसे.

"तिसरीचा आवाज येत नाही," ते म्हणाले. "ती मेली. मी कधी वर आलोच नव्हतो. मला भीती वाटायची."

गच्चीवर फक्त माश्यांची गुणगुण होती.

मग खालून, स्लॅबच्या आतून, कवळीवाल्यांच्या तळहाताशी दोनदा वाजलं. हळू, बोटाच्या पेराने वाजवावं तसं.

बाई ताठ झाल्या. "खाली कोण आहे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "मुलगी आलीय का?"

कवळीवाल्यांनी हात लगेच उचलले नाहीत. ते रडत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांची पापणी स्थिर होती.

"बाई," ते म्हणाले, "खोकं नेऊ नका. तीन ठेवणार आहे मी. दुसरीतल्या चार चौकटी काढून तिसरी कशी करतात, ते मला दाखवा."